सांदीतलं पाणी

आमच्या आणि शेजारच्या सरांच्या घरांमध्ये एक सांद आहे. 22 फूट लांब. परसाकडच्या टोकाला साडेसहा इंच रुंद, पुढे येईतो साडेचार. माणूस तिच्यात शिरू शकत नाही, मांजर शिरतं, पाणी तर सहज शिरतं. या एवढ्याशा जागेपायी दोन घरांचं बोलणं पावणेदोन वर्षं बंद होतं.

घरं साताऱ्यातली. 1984 साली वसाहतीत जुळे बंगले झाले, तेव्हा माझ्या वडिलांनी आणि सरांनी एकाच भट्टीच्या विटा घेतल्या, एकाच गवंड्याकडून काम करून घेतलं. मधली भिंत सामाईक. सरांच्या देवघरातली घंटा आमच्या मधल्या खोलीत ऐकू यायची. पुढे 2011 मध्ये सरांनी मागच्या अंगाला एक खोली काढली. 2022 मध्ये आम्ही स्वयंपाकघर मागे वाढवलं. वडील तेव्हा नव्हते, काम मीच पाहिलं. दोन्ही वाढीव खोल्यांना आपापली स्वतंत्र भिंत, आणि दोन्ही भिंती आपापल्या समजुतीप्रमाणे हद्दीच्या थोड्या आत घेतलेल्या. तरी त्या पावसाळ्यापासून आमच्या ओट्यामागच्या भिंतीला लोणा धरला, रंगाला फुगे आले. पलीकडे सरांच्या कपाटामागे बुरशी चढली आणि काकूंचा लग्नातला शालू डागाळला. सर म्हणत, तुमच्या स्लॅबचं पाणी सांदीत पडतं. मी म्हणे, तुमचा कठडा बुटका आहे, तुमच्याच गच्चीचं पाणी उसळून येतं. मग घुशींवरून झालं, एसीच्या नळीवरून झालं. सरांनी टाइप केलेलं पत्र दिलं, मी टाइप केलेलं उत्तर दिलं. ज्यांनी मला दहावीला भूमिती शिकवली त्यांना मी पत्रात 'महोदय' लिहिलं. ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

2024 च्या मे महिन्यात आईच्या पंच्याहत्तरीला आत्या आणि मामा आले. आत्यानं पस्तीस वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. मामानं सांदीत टॉर्च मारला. तळाशी विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, कुजलेली पानं. आत्या कठड्याला टेकून उभी राहिली. त्या रात्रीचं दोघांचं बोलणं मी आठवेल तसं लिहिते आहे. दोघांनाही माझी काळजी होती आणि दोघांना ती अगदी वेगळ्या जागी दिसत होती.

आत्या : आधी मोजणी मागव. हद्द कायम झाल्याशिवाय एक वीट हलवायची नाही. ही जागा कुणाची हेच माहीत नसेल, तर ती साफ कुणी करायची हे तू कुठल्या तोंडानं सांगणार?

मामा : मोजणीला माझी ना नाही, ताई. पण दोन आठवड्यांवर मृग आला. भूमी अभिलेखात उद्या पैसे भरले तरी लगतधारकांना नोटिसा जाणार, तारीख लागणार, मग भूकरमापक येणार. तोवर इथं दोनदा पाणी तुंबेल.

आत्या : तुंबू दे. दोन पावसाळे तुंबलंच आहे.

मामा : आणि मोजणी कशाच्या आधारानं करणार? सिटी सर्व्हेचा नकाशा 1:500 चा असेल, तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. हद्दीची रेघ कागदावर 0.2 मिलिमीटर जाड धरा. ती जमिनीवर 10 सेंटिमीटर होते. म्हणजे चार इंच. ज्या सांदीचा निकाल लावायला तुम्ही निघालात, तिचं पुढचं टोक जवळजवळ त्या रेघेच्या जाडीएवढंच आहे.

आत्या जरा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं विषय संपला. पण तिला गणित पटलं होतं, निष्कर्ष पटला नव्हता.

आत्या : असेल. पण कोर्टात मोजणीची 'क' प्रत दाखल होते, तुमची रेघेची जाडी नाही. मी कशाला घाबरते ते सांगते. सरांची भिंत 2011 ची. बारा वर्षं गेल्या वर्षीच झाली. उद्या मोजणीत ती भिंत चार बोटं हिच्या जागेत निघाली, तर समोरचा वकील पहिला मुद्दा प्रतिकूल ताब्याचा काढेल. ताबा उघड होता, अखंड होता, बारा वर्षं कुणी हरकत घेतली नाही. तो सिद्ध करणं सोपं नसतं, पण त्यापायी हिची दहा वर्षं कोर्टात जातील.

मी म्हटलं, "आत्या, मला ती चार बोटं नकोच आहेत."

आत्या : तुला नकोत. तुझ्यानंतर हे घर जो विकत घेईल त्याला हवी असतील. सरांचा मुलगा पुण्यात आहे, तो काही इथे राहायला येणार नाही. पुढे-मागे दोन्ही घरं विकली जातील. जागा राहते, माणसं जातात, आणि जाताना काय ठरलं होतं ते बरोबर घेऊन जातात.

मामानं टॉर्च मागच्या टोकाकडे वळवला. तिथं चार-पाच विटांचा आडवा थर दिसला, वर सिमेंट लिंपलेलं.

मामा : हे तोंड कुणी बुजवलं?

मी म्हटलं, सरांनीच असणार, घुशी येऊ नयेत म्हणून.

मामा : मग भांडण पाण्याचं कसलं? तुम्ही दोघांनी मिळून इथं हौद बांधलाय. मागचं तोंड बंद, खाली राडारोडा, दोन्ही भिंतींना सांदीच्या बाजूनं गिलावा नाही, कारण तिथं थापी घेऊन जाणार कोण? वरून पडलेलं पाणी आत उभं राहतं आणि उघड्या विटा ते पितात. हद्द इकडे चार बोटं सरकली काय आणि तिकडे सरकली काय, विटेला त्याचं काय?

हे मला फार लागलं, कारण राडारोड्याबद्दल मला माहीत होतं. त्या वेळी मात्र मी बोलले नाही. उलट सांगितलं की सरांचा गवंडी म्हणतो, वरून काँक्रीट ओतून सांद भरूनच टाका. सांदच उरली नाही तर तंटा कसला? आणि खरं म्हणजे मलाही ते बरं वाटत होतं.

मामा सहसा आवाज चढवत नाही. तेव्हा चढवला.

मामा : अजिबात नाही. मी दहा वर्षांचा होतो. पाटण तालुक्यातलं आमचं गाव. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. आधी आवाज आला, मग अंथरुणासकट आम्ही उचलले गेलो. कोयनानगरचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगतो ते आमच्या आळीचं. दगड-मातीची घरं, एकाला एक चिकटलेली. ज्यांच्या भिंती एकमेकींत गुंतल्या होत्या, त्यांत एकीनं दुसरीला ओढलं. सकाळी माझ्या वडिलांनी मला हाताला धरून आळीतून नेलं, कारण घरात कुणाला ठेवायची सोय नव्हती. त्यानंतर महिनाभर आम्ही खळ्यात मांडव घालून राहिलो. पुढे नोकरीत भारतीय मानक 4326 हातात आलं. शेजारच्या दोन स्वतंत्र इमारतींत मजल्यागणिक अंतर ठेवा, आणि काही झालं तरी ते 25 मिलिमीटरपेक्षा कमी नको, असं त्यात आहे. ते वाचताना मला आमची आळी दिसली. दोन घरांना हलायला आपापली जागा पाहिजे. ही सांद ठेवली हे तुम्ही दोघांनीही बरोबर केलंत. ती भरून घरं एकमेकांना बांधून टाकू नका. ओतलेलं काँक्रीट भिंतींना चिकटतं, उन्हापावसानं पुन्हा सुटतं, आणि मग केसाएवढ्या फटीतून पाणी जातं. ती फट तर साफही करता येत नाही.

आत्या : मग काय करायचं? उघडीही ठेवायची नाही, भरायचीही नाही.

मामा : झाकायची. वरून, पत्र्यानं.

इथं आत्या अशी काही हसली की मला कळेना. आत जाऊन तिनं पाणी आणलं, प्यायली, आणि मग बोलली.

आत्या : मामा, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरं आणि हद्दी यांवर प्रकरण आहे. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी संपादित केलेली प्रत माझ्याकडे आहे. शेजारशेजारच्या दोन घरांच्या वळचणींबद्दल तो म्हणतो, की दोन्हींत चार अंगुळांचं अंतर ठेवा, नाहीतर एक वळचण दुसरीवर चढवा. मी वकील म्हणून ते कितीदा वाचलं, पण त्यात मला फक्त अंतराचा नियम दिसला. चढवा म्हणजे पाणी आत जाऊ देऊ नका, हे आज तुमच्या तोंडून कळतंय.

मामा : चढवायचीच! माझा पत्रा तोच.

आत्या : थांबा, पुढे आणखी आहे. घरमालकांनी मिळून हवं तसं बांधावं, मात्र अपाय होईल ते टाळावं, असं तो सांगतो. त्यातला 'मिळून' हा शब्द धरा. पत्रा तुम्ही एकट्यानं ठोकायचा नाही.

मग मामानं माझ्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. आमचा स्लॅब सरांच्या स्लॅबपेक्षा नऊ इंच उंच. म्हणून आमच्या भिंतीत इंचभर खोल खाच मारायची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वरची कड तिच्यात बसवायची, खाच सीलंटनं भरायची. पत्रा उताराला घेऊन सरांच्या कठड्यावर नुसता टेकवायचा. खालच्या कडेला बाक द्यायचा, म्हणजे पाणी मागे न वळता थेंबाथेंबानं खाली पडेल. सरांच्या बाजूला एकही खिळा नको. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला मोकळा. घरं हलली तर पत्रा घसरेल, फाटणार नाही. मागच्या तोंडाची वीट काढून जाळी लावायची, म्हणजे वारा खेळेल आणि चुकून गेलेलं पाणी बाहेर पडेल. त्याआधी लांब गजाला आकडा करून राडारोडा ओढून काढायचा.

साधं काम होतं. मला वाटलं आता सुटलं. तेवढ्यात आत्यानं बोट ठेवलं.

आत्या : पत्र्याचं पाणी कुठं पडतं?

मामा : सरांच्या स्लॅबवर.

आत्या : म्हणजे हिच्या घराची पागोळी त्यांच्या गच्चीवर. तुम्ही हिचं दुखणं काढून त्यांच्या गळ्यात घालताय.

मामा : किती पाणी, ताई? एक फूट रुंद आणि 22 फूट लांब पत्रा, म्हणजे दोन चौरस मीटर. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर 50 लीटर. चार-पाच बादल्या.

आत्या : बादल्या मोजू नका. वीस वर्षं मोजा. 1882 चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा आहे, कायद्याच्या मराठीत सुविधाधिकार. दुसऱ्याच्या जागेवर तुम्ही वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्कानं पाणी सोडत राहिलात, तर तो तुमचा हक्क होऊन बसतो. सरांना हे माहीत नसेल, पण जुन्या माणसाला अंगातच माहीत असतं की पागोळी एकदा पडू दिली तर कायमची पडते. म्हणून ते नाही म्हणतील. आणि ते नाही म्हणाले तर त्यांना हेकट म्हणू नका.

मामा : मग पन्हळ लावू. पत्र्याखाली, मागच्या बाजूला उतार देऊन. पाणी परसात, आमच्या बाजूच्या खड्ड्यात.

आत्या : पन्हळ त्यांच्या कठड्याला लागणार ना? मग तिला त्यांची परवानगी पाहिजे. तोंडी परवानगी ही त्या माणसापुरती असते. त्यांनी घर विकलं तर घेणारा तिला बांधलेला नाही. नवा मालक म्हणेल, काढा तुमची पन्हळ. माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. दोन जिवलग मित्र, जुन्या वाड्यांची सामाईक पन्हळ, तीस वर्षं एका शब्दानं बोलाचाली नाही. एकानं वाडा विकला. नव्या मालकानं आठव्या दिवशी पन्हळ उखडली. दुसऱ्याच्या भिंतीची माती धुऊन गेली, पोटमाळा खाली आला. त्याच्याकडे दाखवायला एक चिठ्ठी नव्हती. मी त्याला विचारलं, लिहून का घेतलं नाही? तो म्हणाला, वकीलबाई, मित्राकडून लिहून कसं घ्यायचं? मला त्या माणसाचा चेहरा अजून दिसतो.

मामा : आमच्याकडे उलटं झालं. तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. आमच्या गावच्या समितीनं पहिल्याच वर्षी दोन घरांमधल्या पाण्याचा तंटा मिटवला. कागद झाला, सह्या झाल्या, हार घातले. गटार मात्र कुणी खणलं नाही. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

आत्या : मी दावा लावा म्हणतच नाही. लावला तर हिचं स्वयंपाकघर आणि त्यांची खोली, दोन्हींचे मंजूर नकाशे बाहेर येतील, आणि ते जसेच्या तसे जुळतील असं मला वाटत नाही. (ती माझ्याकडे बघत होती. जुळत नाहीत. आमचं बांधकाम नकाशापेक्षा नऊ इंच मागे गेलं आहे.) अगदीच अडलं तर दावा न लावता लोकअदालतीत जाता येतं. तिथं तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरतात, त्यावर अपील नाही. पण तिथं नेण्याआधी हिनं त्यांच्या दारात जावं.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. सरांच्या मागच्या खोलीतला दिवा लागला आणि विझला. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात असणार. आत्यानं आवाज खाली आणला आणि सहज म्हणून आपल्या मुलीची गोष्ट काढली. ती लंडनजवळ राहते. शेजाऱ्यानं मागे खोली वाढवायची ठरवली, तेव्हा तिला आधी लेखी नोटीस आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा सामाईक भिंतींचा कायदा आहे. हद्दीवर भिंत उभारायची असेल तर महिनाभर आधी कळवायचं, सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर दोन महिने आधी. शेजाऱ्यानं संमती दिली तर ठीक, नाहीतर दोघांनी मिळून एक किंवा प्रत्येकी एक पाहणीदार नेमायचा. तो काम कसं करायचं आणि नुकसान कुणी भरायचं ते लिहून देतो.

मामा : म्हणजे पहिली वीट लावायच्या आधी विचारायचं.

आत्या : एवढंच. आपल्याकडे अशी नोटीस देण्याची रीत नाही. नगरपालिकेला विचारतात, शेजाऱ्याला नाही.

तेव्हा मला बोलावंच लागलं. 2022 च्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघराची भिंत चढत होती. एका दुपारी मी कामावर गेले, तेव्हा बिगारी फुटक्या विटा आणि गिलाव्याची खरवड सांदीत ढकलत होता. मी पाहिलं. राडारोडा उचलायला ट्रॅक्टर बोलवावा लागला असता, त्याचे पैसे वाचत होते. मी काही बोलले नाही. सर त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या परसात उभे राहून आमच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता हे काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारात मी कठड्याची उंची लिहिली, एसीची नळी लिहिली. हे कुठंच लिहिलं नाही.

मामा म्हणाला, "उद्या सकाळी जा." आत्याही तेच म्हणाली. त्या रात्री दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मी गेले. सरांनी दार उघडलं, बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच राडारोड्याचं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, मागचं तोंड मी बुजवलं. तुझ्या वडिलांनी 2011 लाच मला सांगितलं होतं, पाण्याला वाट ठेवा म्हणून. मी ठेवली नाही.

काकूंनी आतून चहा आणला.

नंतर मामानं सरांना, पाणी कुठं जातं ते पाहायला, नीळ घातलेल्या पाण्याची युक्ती सांगितली. त्या संध्याकाळी आमच्या स्लॅबच्या कडेवरून नीळ कालवलेल्या चार बादल्या सांदीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या मागच्या खोलीत गेले आणि सर आमच्या स्वयंपाकघरात आले. त्यांच्या कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, निळसर डाग उतरला होता. आमच्या ओट्याखालीही होता. पलीकडून सरांनी हाक मारली, "आलं का गं तिकडे?" मी म्हटलं, आलं. आमच्या स्लॅबचं पाणी त्यांच्या घरात जातं, हे सर पहिल्या पत्रापासून म्हणत होते आणि मी प्रत्येक उत्तरात नाकारत होते. त्यांचं खरं होतं.

काम मृगाच्या आदल्या दिवशी पुरं झालं. सांदीतून सात पोती राडारोडा निघाला. तो आमचा म्हणून त्याचा खर्च मी एकटीनं दिला. पत्रा, सीलंट, पन्हळ, जाळी आणि मजुरीचे 18,400 रुपये झाले, ते निम्मे-निम्मे. पत्रेवाल्यानं सवयीनं सरांच्या कठड्यावर ड्रिल लावलं होतं, मामानं धावत जाऊन हात धरला. पन्हळीच्या जागेवरून मात्र दोन दिवस अडलं. आत्या म्हणाली होती तसंच झालं. सर म्हणाले, पन्हळ चालेल, पण उद्या ती माझ्या मुलाच्या गळ्यात पडायला नको. त्यांना अट हवी होती आणि ती मागायला संकोच वाटत होता. कागदाचा विषय मी काढला तेव्हा त्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. लिहून मागणं म्हणजे अविश्वास, असं मी समजत होते. सर तर मी लिहून मागावं याची वाट बघत होते.

मला त्या रात्री गच्चीवर मामाचं पटलं होतं. आज लिहिताना मी आत्याकडे जास्त झुकते. पत्रा बसवल्यानं भिंती सुकल्या. पण कागद झाला नसता, तर मी सरांच्या उपकाराखाली राहिले असते आणि ते माझ्या भीतीखाली. कागद आत्यानं लिहिला, दोन पानी. सांद दोघांची सामाईक देखभालीची, तिच्या मालकीबद्दल दोघांपैकी कुणीही आज काही कबूल करत नाही किंवा सोडून देत नाही. पन्हळ सरांच्या कठड्यावर त्यांच्या संमतीनं आहे, तिचं पाणी आमच्या परसात जाईल, ती नादुरुस्त झाली तर पंधरा दिवसांत आम्ही दुरुस्त करायची, नाहीतर सरांनी ती काढावी. सांद कुणीही भरणार नाही, मागचं तोंड कुणीही बुजवणार नाही. दोन्ही घरं ज्यांच्याकडे जातील त्यांच्यावर हे बंधनकारक, म्हणून दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. सरांचा मुलगा ऑगस्टमध्ये येईपर्यंत नोंदणी थांबली. त्यानं प्रत्येक कलम दोनदा वाचलं, एका शब्दाला हरकत घेतली, तो बदलला. मोजणी आम्ही अजून केलेली नाही. आत्या दर फोनला विचारते, आणि मी तिला या हिवाळ्यात करते म्हणून सांगितलं आहे, तेही सरांच्या बरोबरीनं अर्ज देऊन.

शेवटचं कलम मामानं आग्रहानं घालायला लावलं. आत्याला ते कायद्याच्या दृष्टीनं पोकळ वाटत होतं, तरी तिनं ते टाइप केलं. दर वर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी दोन्ही घरांतलं एकेक माणूस गच्चीवर जाऊन पत्रा, सीलंट आणि पन्हळ पाहील. 2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि आम्ही त्या रविवारपर्यंत थांबलो नाही. सरांचे गुडघे दुखत होते, म्हणून काकू वर आल्या. त्यांनी पन्हळ हातानं साफ केली. रामफळाची पानं निघाली, एक पतंगाची काडी, आणि शेजारच्या मुलांचं बॅडमिंटनचं फूल. ते त्यांनी झटकून पदराला पुसलं आणि खाली खेळणाऱ्या पोरांकडे टाकलं. मी खाचेतल्या सीलंटवरून बोट फिरवत होते. मागच्या टोकाशी वीतभर ते सुटलं होतं. काकू म्हणाल्या, थांब, आमच्याकडे अर्धी नळी उरलीय, आणते.